भवानीच्या आधीची बाई

माझा धाकटा नातू मागच्या महिन्यात सिंगापूरला फिरून आला. जायच्या आधी सहल नेणाऱ्या मंडळींनी सगळ्यांना एका हॉलमध्ये बसवून चहा पाजला आणि परक्या देशात खरेदी कशी करायची ते शिकवलं. आवडलेल्या वस्तूकडं टक लावून बघू नका. दुकानदार सांगेल त्याच्या निम्म्यापासून सुरुवात करा. सकाळी दुकान उघडताना जा, पहिलं गिऱ्हाईक कुणी सोडत नाही. नातू हे मला सांगत होता आणि मी पोट धरून हसत होतो. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला काही समजलं नाही. अरे बाबा, हे सगळं आमच्या मार्गासनीच्या चिमाजीअण्णानं सन अडतीसच्या आधीच करून ठेवलं होतं. वर त्यानं एक तोडगा असा काढला होता, की तो त्या हॉलमध्ये कुणी सांगितला असता तर लोकांच्या हातातला चहा गार झाला असता.

आमचा परदेश म्हणजे पुणं. हसू नका. आम्ही संस्थानची प्रजा. आमचा राजा वेगळा, आमची कचेरी वेगळी. कात्रजचा घाट उतरला की इंग्रजाचा मुलूख लागायचा. तिथली माणसं भरभर बोलायची, बोलताना थांबायची नाहीत, आणि आमच्याकडचा माणूस तिथं गेला की त्याचं तोंड आपोआप उघडं राहायचं. उघड्या तोंडाचं गिऱ्हाईक दुकानदाराला फार आवडतं. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला हैबती नावाचा धनगर होता, तो एकदा पुण्याला कंदील घ्यायला गेला. दुकानात शिरल्या शिरल्या त्यानं कंदील उचलून पोटाशी धरला आणि मग किंमत विचारली. दुकानदारानं हैबतीकडं बघितलं, पोटाशी धरलेल्या कंदिलाकडं बघितलं, आणि जी किंमत सांगितली तिच्यात त्या काळी एक चांगलं कोकरू आलं असतं. हैबतीनं मुकाट्यानं दिली. घरी आल्यावर बायको म्हणाली, "आता त्या कंदिलाच्या उजेडात कोकरू हुडका."

चिमाजीअण्णाचं तसं नव्हतं. तो कात्रज उतरताना तोंड मिटायचा ते पुण्यातून परत निघाल्यावर उघडायचा. त्याला एखादं धोतर पाहिजे असलं की तो त्या धोतराकडं पाठ करून शेजारच्या उपरण्यात खोड काढत बसायचा. उपरण्याची इतकी निंदा करायचा की दुकानदार कंटाळून म्हणायचा, मग धोतर तरी न्या. त्याच्याबरोबर बाजाराला गेलेला माणूस घरी आल्यावर दोन दिवस त्याच्याच गोष्टी सांगायचा. मीही सांगायचो. मी त्याचा चुलत पुतण्या, तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा, लग्न झालेला, आणि त्याच्या बरोबर जायला एका पायावर तयार.

ठकुबाई ही अण्णाची भावजय. धाकट्या भावाची बायको. हा भाऊ आंब्यावरून पडून वारला तेव्हा ती पंचविशीत असेल. पोरबाळ नाही. माहेर खाली कोकणात कुठंतरी, तिथंही कुणी उरलेलं नाही. तेव्हा अण्णाच्या घरात राहायचं, शेण काढायचं, पाणी आणायचं आणि सगुणाबाईच्या, म्हणजे अण्णाच्या बायकोच्या, हाताखाली दिवस काढायचे. कपाळावरचं कुंकू गेलं, बांगड्या गेल्या, गळ्यातले काळे मणी गेले. राहिलं एवढंच, की लहानपणी कपाळावर गोंदलेला हिरवा ठिपका होता. तो कुणाला पुसता आला नाही.

आमच्या आळीत एका मुलीचं लग्न ठरलं. बस्ता बांधायला, म्हणजे लग्नाचं कापड घ्यायला, पुण्याला जायचं होतं. अण्णानं ठकुबाईला गाठोडी उचलायला बरोबर घेतलं. कापडआळीत आम्ही पोहोचलो तेव्हा दुकानं नुकती उघडत होती. आम्ही मंडळी हौदावर तोंड धूत मागं राहिलो, आणि ठकुबाई दमून पहिल्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली. आत शेठजी देवाला उदबत्ती ओवाळत होते. वळून बघतात तर दारात पांढऱ्या कपाळाची बाई.

दिवसातली पहिली विक्री, तिला आम्ही भवानी म्हणतो. भवानी चांगल्या हातची झाली तर दिवस चांगला. आता विधवेच्या हातची भवानी घ्यायची कशी? आणि आलेलं पहिलं गिऱ्हाईक हाकलायचं तरी कसं? हाकललं तर लक्ष्मी गेली. शेठजी उदबत्ती हातात धरून तसेच उभे. म्हणाले, "बाई, जरा बाजूला बसता का?" ठकुबाई म्हणाली, "बसते की. पाय दुखायचं थांबलं की उठते."

एवढ्यात आम्ही पोहोचलो. अण्णानं हे बघितलं आणि त्याच्या डोळ्यात काय चमक आली म्हणून सांगू. मोठ्या मनाचा माणूस झाला एकदम. म्हणाला, "शेठ, ही आमच्याच गावची. आमी उठवतो तिला. तुमची भवानी आमच्या हातनं करा, नवरीच्या बापाच्या हातनं. पन भाव आमचा."

शेठजींनी भाव अण्णाचा केला. त्या दिवशी जो शालू घेतला तो बघून नसरापूरच्या शिंप्यानं तोंडात बोट घातलं.

तिथून ठकुबाईचा धंदा सुरू झाला. म्हणजे धंदा अण्णाचा, बसायची ठकुबाई. आसपासच्या ज्या गावात लग्न निघालं तिथली माणसं अण्णाकडं यायची, "अण्णा, बस्त्याला तुमची बाई द्या." बैलजोडी मागावी तसं. अण्णा पायलीभर तांदूळ घ्यायचा, नारळ घ्यायचा, आणि बाई द्यायचा. निघायच्या आधी सगुणाबाई तिच्या कपाळावरच्या गोंदणावर राख चोळायची, कारण लांबून तो हिरवा ठिपका कुंकवासारखा दिसतो आणि दुकानदार घाबरत नाही. लुगडं विटलेलंच नेसायचं. डोक्यावरचा पदर जरा मागं, कपाळ नीट दिसेल असा. एकदा ठकुबाई म्हणाली, "बाई, राख डोळ्यात जाती." सगुणाबाई म्हणाली, "जाऊ दे, डोळ्यात पाणी आलं तर आनखी चांगलं."

आणि ठकुबाई त्यात तरबेज झाली, हे खोटं कशाला बोलू. नुसतं बसून राहायचं तिनं सोडलं. आत शालू उलगडला की ती पायरीवरून म्हणायची, "शेठ, म्या नुसता हात लावून बघू?" शेठ शालू छातीशी धरून मागं सरकायचा. ती मोठ्यानं जांभई द्यायची. दुकानदाराच्या बायकोची, लेकराबाळांची मायेनं विचारपूस करायची, आणि तिनं एकेकाचं नाव विचारलं की दुकानदाराला घाम फुटायचा. एका दुकानदाराला म्हणाली, "तुमी लई चांगलं हाय. आमचं मालक बी असंच चांगलं होतं." त्या गृहस्थानं किंमत दोनदा उतरवली. गाडीत परत येताना आम्ही ही बोलणी एकमेकांना पुन्हा पुन्हा सांगायचो आणि ठकुबाई तोंडाला पदर लावून हसायची. सोसायचं तेवढं ती सोसून घ्यायची, पण दुसऱ्याला घाबरवायला मिळालं की ती सोडायची नाही.

मजा अशी, की तिनं स्वस्तात मिळवून दिलेलं कापड गावाच्या वेशीत शिरलं की तिचा हात त्याला चालायचा नाही. ज्या गाठोड्यावर बसून ती कात्रजपासून यायची, त्या गाठोड्यावर घरात नेण्याआधी गोमूत्र शिंपडायचे. लग्नाच्या दिवशी ती गोठ्यात. मांडवातून कुणीतरी पत्रावळ आणून द्यायचं, तेही आठवण राहिली तर. आमची आई एकदा म्हणाली, "हिच्यामुळं शालू मिळाला, हिला नवरी तरी दावा." तर सगुणाबाई म्हणाली, "शालू मिळाला ना? मग आता नवरी टिकू द्या."

अशी तीन-चार वर्षं गेली असतील. त्यात गेनबा आला.

गेनबा वरवे बुद्रुकचा. स्वतःची गाडी, दोन बैल, भाड्यानं माल न्यायचा. बस्त्याला मंडळी त्याच्याच गाडीतून जायची. बायको गेलेली, घरात म्हातारी आई, आणि स्वयंपाकाला कुणी नाही. जाता-येता ठकुबाईची बोलणी ऐकून तो गाडी हाकताना इतका हसायचा की बैल थांबायचे. शेवटी त्यानं अण्णाला विचारलं, की ठकुबाईशी पाट लावायचा आहे. आमच्यात विधवेचा पाट लागतो, म्हणजे दुसरं लग्न होतं, त्यात वावगं काही नव्हतं. फक्त ज्या घरातून बाई जाते त्या घरानं सोडलं पाहिजे, आणि घर काहीतरी घेतल्याशिवाय सोडत नाही.

आता गेनबाची चूक बघा. इतक्या वेळा अण्णाबरोबर बाजाराला गेला, पण शिकला काही नाही. कंदील पोटाशी धरून किंमत विचारणाऱ्या माणसासारखा तो अण्णाच्या ओट्यावर बसला आणि म्हणाला, "अण्णा, मला दुसरी कुनी नको. हीच पायजेल."

अण्णानं तंबाखू मळली. म्हणाला, "हौशा दे."

हौशा हा गेनबाच्या जोडीतला उजवा बैल. पांढरा, शिंगं कमानीसारखी, घाटात एकटा गाडी ओढेल असा. एक बैल गेला की गाडी उभी, आणि गाडी उभी राहिली की गेनबाचं घर बसलं. हे अण्णाला ठाऊक होतं म्हणूनच त्यानं हौशा मागितला. बाई सोडायची नाही, पण नाही म्हटलं असं चार माणसांत दिसायला नको.

गेनबा म्हणाला, "हौशा दिला तर खायचं काय?"

"त्ये म्या कसं सांगू," अण्णा म्हणाला. "तुला हीच पायजेल, मला ह्योच पायजेल."

गेनबानं पंधरवडा विचार केला आणि हो म्हणाला. अण्णा गडबडला. तो हो म्हणेल असं त्याला वाटलं नव्हतं. तेव्हा त्यानं पुढचं काढलं, की आमच्या सावळारामाचं लग्न ठरलंय, त्याचा बस्ता होईपर्यंत ठके आमची. बस्ता करून आलो की हौशा माझ्या दावणीला आणि ठके तुझ्या घरात.

ठकुबाईला हे कुणी विचारलं नाही. पण तिला समजलं. त्या दिवसापासून पाणी आणताना ती गुणगुणायला लागली, आणि एकदा विहिरीवर आमच्या आईला म्हणाली, "वयनी, बैल गेला तर आमी दोगं खानार काय? जाते त्ये उपाशी मरायलाच जाते का म्या?" तिला जायचं होतं, पण हौशा गेनबाच्याच दावणीला ठेवून जायचं होतं. सगळा पेच एवढाच.

सावळारामाच्या बस्त्याला निघालो तेव्हा गाडीत अण्णा, सगुणाबाई, ठकुबाई, नवरीकडचे दोघं आणि मी. अण्णाला स्वतःच्या मुलाचं लग्न म्हणजे शालू सगळ्यात भारी आणि किंमत सगळ्यात कमी पाहिजे होती. तेव्हा त्यानं त्या आळीतलं सगळ्यात मोठं दुकान धरलं, जिथं आम्ही आधी दोनदा हा खेळ केला होता. एका दुकानात एक तोडगा दोनदाच, तिसऱ्यांदा नाही, हे त्यानंच आम्हाला शिकवलं होतं. पण लोभ सुटला की शिकवलेलं आठवत नाही.

ठकुबाई पायरीवर बसली. शेठजी गादीवर नव्हते. होते त्यांचे दिवाणजी, कोट घातलेले, बारीक मिशा, बोलायला गोड. त्यांनी ठकुबाईकडं बघितलं आणि ओळखलं. घाबरले नाहीत. म्हणाले, "या ताई. दर वर्षी येता, पायरीवर का बसता, आत या की."

ठकुबाई म्हणाली, "हितंच बरं. पाय दुखत्यात."

"तुमचे पाय नेमके आमच्याच पायरीवर दुखतात," दिवाणजी म्हणाले. आजूबाजूच्या दुकानांतली माणसं बाहेर येऊन उभी राहिली. त्यांनाही आधीचं सगळं ठाऊक होतं. "खरी अडचण काय आहे, ताई? कपाळ. एवढीच ना?"

बस्त्याला आलेल्या बायकांना लावायला दुकानात कुंकवाचा करंडा असतो. दिवाणजींनी तो उचलला, बोट बुडवलं, आणि पायरीवर वाकून ठकुबाईच्या कपाळावर, राख चोळलेल्या गोंदणाच्या बरोबर वर, चांगलं अधेलीच्या नाण्याएवढं कुंकू लावलं. म्हणाले, "झाली सवाशीण. आता भवानी तुमच्याच हातची. बोला, काय दाखवू?"

आळी हसली. एक दुकानदार गुडघ्यावर हात मारून हसत होता. समोरचा एक जण म्हणाला, "दिवाणजी, आता घरी काय सांगाल?" आणि पुन्हा सगळे हसले. ठकुबाईचा हात कपाळाकडं निम्म्यापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. आत भिंतीला माणसाएवढा आरसा होता. तिनं मान वाकडी करून त्या आरशात बघितलं. जरा डावीकडं वळून बघितलं, जरा उजवीकडं. लोक हसत होते आणि ती बघत होती.

अण्णाचा तोडगा गेला. दुसऱ्या दुकानात जावं तर सगळी आळी दारात उभी. दिवाणजींनी सगळ्यात महाग शालू काढला आणि सांगितली ती किंमत अण्णानं दिली. जन्मात पहिल्यांदा.

गाडीत बसताना अण्णा ठकुबाईवर खेकसला, "पूस ते."

ठकुबाई म्हणाली, "कुनी पुसायचं?"

"तू पूस. न्हाईतर म्या पुसतो."

तेव्हा सगुणाबाईनं अण्णाचा हात धरला. शालूचं गाठोडं मांडीवर घेऊन ती म्हणाली, "काय करताय? पोराच्या बस्त्याचा दिस. आज बाईचं कुंकू पुसायचं? आपल्या घरात चार दिसांनी सून यायची हाय." नवरीकडचे दोघंही मान हलवायला लागले. लग्नाच्या शालूसमोर कुंकू पुसणं याच्याएवढा अपशकुन नाही. कुंकू राहिलं.

गेनबा बैलांना वैरण घालत बाहेर होता. त्यानं ते कपाळ बघितलं आणि त्याचा चेहरा असा फुलला की अण्णानं लगेच ओळखलं, गिऱ्हाईक अजून भुकेलं आहे. कात्रजचा घाट चढायला लागलो तशी अण्णानं सुरुवात केली.

"गेनबा, आता भाव वाढला बरं का. तू विधवा ठरवली व्हतीस, ही सवाशीण हाय."

"अण्णा, हौशा तर देतोयच की."

"हौशा देशील. पन त्याच्या संगट झूल आनि घुंगरं बी दे."

हौशा तेव्हा समोर मान खाली घालून घाट चढत होता. अण्णा गाडीतून पुढं वाकला आणि आपलाच बैल असल्यासारखा त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "खांदा बरा हाय." नवरीकडचा एक जण म्हणाला, "झूल जुनीच आसंल, दिऊन टाक." गेनबानं मान हलवली, म्हणजे देणार होता. माणूस पार विरघळला होता.

बोगदा मागं पडला आणि ठकुबाईनं तोंड उघडलं. थोरल्या दिरासमोर ती एरवी बोलायची नाही, पदराआडून बोलायची. त्या दिवशी सरळ बोलली.

"भावजी, भाव तुमी चुकीचा करताय."

अण्णा म्हणाला, "तू गप बस."

"गपच बसते. पन इचारा की बाईला, मला ह्या कपाळानं दारात घेनार हाय का?"

अण्णानं सगुणाबाईकडं बघितलं. सगुणाबाई म्हणाली, "न्हाई."

"का म्हनून इचारा."

"परक्या बाप्यानं भर बाजारात लावल्यालं कुंकू," सगुणाबाई म्हणाली. "पुसायचं बी न्हाई आनि घरात बी न्यायचं न्हाई. माझ्या मांडवात ही नको."

"ऐकलं?" ठकुबाई म्हणाली. "म्हंजे आज रातीला मला घरात घ्यायची सोय न्हाई. दुसरं. त्या आळीत सगळ्यांनी माझं तोंड बघितलंय. आता कुनी पायरीवर बसवलं तर लोक हसतील, भाव उतरवनार न्हाईत. तुमचा पायलीभर तांदूळ गेला. तिसरं. पोरगं न्हाई झालं मला, पुढं बी होईल का ठावं न्हाई. मिरगात कंबर धरती. दातं दोन गेल्यात." आणि तिनं तोंड उघडून गेलेले दात दाखवले, बाजारात बैलाचे दाखवतात तसे. "आता सांगा, ह्या मालाला बैल कोन देईल? खुळा देईल. गेनबा खुळा हाय, पन तुमी चार मानसांत खुळ्याला लुबाडलं म्हनून नाव निघंल."

मला हसू आलं, आणि मग सगळेच हसले. अण्णा सोडून.

अण्णा म्हणाला, "बैल ऱ्हाऊ दे. शेळी दे."

ठकुबाई म्हणाली, "शेळी दूध देती. म्या काय देते?"

खेड शिवापूर येईपर्यंत शेळीचं कोंबडं झालं. कोंबड्यावरून नारळ झाला. बाई एकेक खोड सांगायची आणि अण्णा एकेक पायरी उतरायचा. तिला स्वतःच्या सगळ्या खोडी पाठ होत्या. काही तर आम्हालाही ठाऊक नव्हत्या. रात्री झोपेत ओरडते हे सांगितलं, एका कानानं कमी ऐकू येतं हे सांगितलं, हाताला चव नाही हे सांगितलं. शेवटी अण्णा कंटाळून म्हणाला, "बरं, कायबी नको. पन आजचं गाडीभाडं तरी सोड, गेनबा."

गेनबा हो म्हणणार एवढ्यात ती म्हणाली, "भाडं कशाचं सोडायचं? बैलांनी घाट फुकट चढला का? तुमी भाडं द्या, भावजी. उलट अडचन घरातनं काढून नेतोय त्यो, त्याचं बी काय तरी द्यायला पायजेल."

अण्णानं भाडं दिलं. वरव्याचा फाटा आला तशी ठकुबाई गाडीतून खाली उतरली. गेनबानं तिला आईकडं पोहोचवलं आणि परत येऊन आम्हाला मार्गासनीला सोडलं. हौशा त्याच्याच जोडीत राहिला. पुढं अंधाऱ्या पंधरवड्यात पाट लागला, आमच्या घरचं कुणी गेलं नाही.

त्या दिवशीच्या गाडीतल्या बोलण्याची गोष्ट मी इतक्यांदा सांगितली की माझ्या बायकोला ती तोंडपाठ आहे. एवढा हुशार भाव या मुलखात कुणी केला नाही. बैल वाचला, गाडी वाचली, घर वाचलं, आणि बाई बाहेर पडली.

पण गेनबाही त्या गाडीत बसून ऐकत होता. हौशा देऊन आणायची म्हणून जी बाई त्याला सोन्यासारखी वाटत होती, तिच्या खोडी तिच्याच तोंडून त्यानं कात्रजपासून वरव्यापर्यंत ऐकल्या होत्या. आधी तो चेष्टेनं म्हणायचा, "हाताला चव न्हाई, तिनंच सांगितलंय." मग चेष्टा राहिली नाही. पाठीत कळ येते म्हणाली की तो म्हणायचा, "ठावं हाय, गाडीतच बोलली व्हतीस." त्याची आई शेजारणीला सांगायची, "फुकटातली हाय, काम करती बापडी."

आठ-नऊ वर्षांनी नसरापूरच्या बाजारात मला ती दोघं भेटली. गेनबाचे बैल आता वेगळे होते. तो चहाच्या पालात बसून चार जणांना तीच गोष्ट सांगत होता, माझ्यापेक्षा जास्त रंगवून. मला बघून त्यानं हाक मारली, "ह्ये बघा, ह्ये साक्षीदार. सांगा ह्यास्नी, म्या बैल द्यायला निघालो व्हतो का न्हाई? आनि हिनं फुकटात पाडला सौदा. फुकटात."

ठकुबाई मागं उभी होती, डोक्यावर मिठाचं गाठोडं, कपाळाला मोठं कुंकू. वाळली होती. लोक हसले तशी तीही थोडी हसली. म्हणाली, "बैल दिऊन मला आनलं असतं तर बरं झालं असतं. सांजच्याला हिला पानी पाजलं का म्हनून तरी इचारलं असतं तुमी."

पालातली माणसं आणखी हसली. गेनबा सगळ्यात जास्त हसला, डोळ्यात पाणी येईपर्यंत. मग त्यानं चहा संपवला, बैलांना बादलीनं पाणी दाखवलं, जू मानेवर ठेवलं आणि रिकामी गाडी हाकत निघाला. ठकुबाई तोपर्यंत मीठ डोक्यावर घेऊन वरव्याच्या वाटेला बरीच पुढं गेली होती. गाडीनं तिला गाठलं, बाजूनं धूळ उडवली, आणि न थांबता गाडी पुढं गेली.